एका गिरणीचें ज्ञान दुसऱ्या गिरणींत



आजच्या वाशीम जिल्ह्यांतील कारंजा येथें १८८६ सालीं कापसाचा बाजार सरकारी नियमांखालीं आला. भारतांतील अशा प्रकारचा तो पहिला बाजार समजला जातो. त्याच सालीं मुंबईजवळ कुर्ल्यास जमशेटजी टाटांनीं धरमसी गिरणी साडेबारा लाख रुपयांस विकत घेऊन तिचें नांव 'स्वदेशी' ठेविलें. या दोन घटनांचा परस्परांशीं थेट संबंध नाहीं. परंतु कापसाचें शेत आणि मुंबईची गिरणी यांच्यामध्यें नागपूर होतें, आणि आजचा आपला विषय तेथूनच सुरू होतो.

नागपूरची एम्प्रेस गिरणी १ जानेवारी १८७७ रोजीं चालू झाली. कापूस जवळ, वरोऱ्याचा कोळसाही जवळ; तरी मुंबई सोडून इतक्या आंत गिरणी काढणें त्या वेळच्या शहाण्या लोकांस रुचलें नव्हतें. आरंभीं स्वस्त म्हणून आणलेलीं यंत्रें वाईट निघालीं व बदलावीं लागलीं. व्यवस्थापक बेझनजी दादाभाई मेहता हे रेल्वेंतून आलेले. सूतगिरणीचा अनुभव त्यांस मुळींच नव्हता. असें असतांही, लँकेशायरची भिस्त जुन्या म्यूल यंत्रावर होती त्या काळीं, रिंगच्या चात्यांचे प्रयोग नागपुरांत झाले. हें सारें शिक्षण पदरच्या पैशानें घेतलेलें होतें.

कुर्ल्याची गिरणी नांवाला मोठी, पण आंतून खिळखिळी होती. बँकेनें कर्ज नाकारलें, तेव्हां जमशेटजींनीं कुटुंबासाठीं केलेला विश्वस्तनिधि मोडला, एम्प्रेसचे कांहीं भागही विकले. पण पैसा हा अर्धाच उपाय होता. त्यांनीं नागपूरहून आपलीं निवडक माणसें कुर्ल्यास आणविलीं. पुढें स्वदेशीच्या सुतानें पूर्वेकडील देशांच्या बाजारांत नांव मिळविलें.

कोणी विचारील, माणसें कशाला? नियमांची एक वही पाठविली असती तर? नागपूरची हवा कोरडी, कुर्ल्याची दमट. आणि धाग्याचें तुटणें हवेच्या ओलाव्यावर पुष्कळसें अवलंबून असतें. एका ठिकाणचा नियम दुसरीकडे जसाच्या तसा लागू पडत नाहीं. तो कां केला होता हें ज्यास ठाऊक, त्यालाच तो बदलतां येतो.

अलीकडील संशोधनही हेंच सांगतें. गॅब्रिएल झुलान्स्की यांनीं १९९६ सालीं आठ कंपन्यांतील १२२ उदाहरणें तपासलीं. एका खात्याची चांगली रीत दुसऱ्यांत रुजत नाहीं ती हेव्यादाव्यामुळें, असें आपण समजतों. त्यांस मोठे अडथळे निराळेच आढळले: घेणाऱ्याची तयारी नसणें, यश नेमकें कशामुळें आलें हें देणाऱ्यासही न उमगणें, आणि दोघांतील ताणलेला संबंध. मॉर्टन हॅन्सेन यांनीं १९९९ सालीं एका इलेक्ट्रॉनिक्स कंपनीचे ४१ विभाग व १२० प्रकल्प पाहिले. दूरची ओळख नवी माहिती शोधण्यास उपयोगी पडते. पण गुंतागुंतीचें ज्ञान उतरवून घ्यावयाचें तर संबंध दाटच असावे लागतात.

याहून चमत्कारिक निष्कर्ष २००५ सालचा आहे. एका सल्लागार कंपनीच्या १८२ पथकांत, जीं पथकें मुळांतच अनुभवी होतीं त्यांनीं कंपनीच्या साठ्यांतील तयार कागदपत्रांचा जितका अधिक आधार घेतला, तितकी काम मिळण्याची शक्यता घटली. ज्ञानाचें कोठार भरलें कीं नफा वाढतो असें मानणाऱ्या संचालकांनीं हा निष्कर्ष एकदां तरी वाचावा, असें मला वाटतें.

माणसें हलविण्याचा मार्गही फुकट नाहीं. ज्या कारखान्यानें माणूस घडविला त्याचा व्यवस्थापक त्यास सुखासुखी सोडीत नाहीं. सोडतो तो बहुधा नको असलेला! ही अडचण एकेका व्यवस्थापकाच्या औदार्यावर सोंपवून भागत नाहीं. १९५६ सालीं जे. आर. डी. टाटांनीं टाटा ॲडमिनिस्ट्रेटिव्ह सर्व्हिस काढली, तेव्हां तिच्यांतील तरुण कोणत्याही एका कंपनीचे न ठेवतां साऱ्या समूहाचे मानले गेले, आणि आज पोलाद तर उद्यां रसायनें अशा बदल्या त्यांच्या नोकरीचाच भाग झाल्या.