चार तारे, आणि न मिळालेला पाचवा

जानेवारी १९४९ मध्ये करिअप्पा भूदलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले. एप्रिल १९५४ मध्ये हवाई दलाची सूत्रं सुब्रतो मुखर्जींकडे आली. नौदलाला मात्र २२ एप्रिल १९५८ पर्यंत वाट पाहावी लागली. त्या दिवशी रामदास कटारी नौदलप्रमुख झाले आणि स्वातंत्र्यानंतर जवळजवळ अकरा वर्षांनी ही खुर्ची भारतीय माणसाला मिळाली. नौदलातल्या सर्वोच्च हुद्द्यांच्या इतिहासात हा उशीर पुन्हा पुन्हा दिसतो.

उशिराला कारण होतं. रॉयल इंडियन मरीनमध्ये, म्हणजे पुढच्या रॉयल इंडियन नेव्हीत, भारतीयांना अधिकारी म्हणून प्रवेश मिळाला तो १९२८ मध्ये, आणि तोही अगदी थेंबाथेंबाने. त्यामुळे १९४७ मध्ये अख्खा ताफा हाताळलेला, युद्धनौकेच्या कप्तानापासून नौदल मुख्यालयापर्यंत सगळ्या पायऱ्या चढलेला भारतीय अधिकारी मिळणंच अवघड होतं. रिअर अ‍ॅडमिरल हॉल, मग पॅरी, पिझी आणि कार्लिल असे चार ब्रिटिश प्रमुख ओळीने झाले. त्यांनी कामात कुचराई केली असं कुणी म्हणणार नाही. पॅरी हे १९३९ मध्ये ‘ग्राफ श्पे’ या जर्मन युद्धनौकेशी झालेल्या लढाईत ‘अकिलिस’चे कप्तान होते, म्हणजे माणूस कसलेला होता. पण प्रजासत्ताक झालेल्या देशाचं नौदल परक्या अधिकाऱ्याच्या हाताखाली असणं सलणारच. कटारी मुंबई बंदरात नांगरलेल्या ‘डफरीन’ या प्रशिक्षण जहाजावरच्या पहिल्या तुकडीतले. तिथून निघालेला मुलगा तीस वर्षांनी नौदलप्रमुख झाला.

तरीही त्यांचा हुद्दा होता व्हाइस अ‍ॅडमिरल. खांद्यावरचे तारे मोजायचे तर रिअर अ‍ॅडमिरलला दोन, व्हाइस अ‍ॅडमिरलला तीन आणि अ‍ॅडमिरलला चार. भूदलप्रमुख जनरल, म्हणजे चार ताऱ्यांचा. तिन्ही दलांचे प्रमुख एका टेबलाशी बसायचे तेव्हा नौदलाचा माणूस भूदलप्रमुखापेक्षा एका ताऱ्याने कमी असायचा. सरकारी व्यवहारात ज्येष्ठता कशी मोजली जाते हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या एका ताऱ्याचं वजन वेगळं सांगायला नको.

कटारींनंतर जून १९६२ मध्ये भास्कर सदाशिव सोमण आले. डिसेंबर १९६१ च्या गोवा मुक्तीच्या वेळी ताफ्याचं नेतृत्व रिअर अ‍ॅडमिरल म्हणून त्यांच्याकडेच होतं. अंजदीव बेटावर खलाशांना उतरवताना नौदलाचे सात जण धारातीर्थी पडले, आणि मुरगावच्या बंदरात पोर्तुगीजांची ‘अफोन्सो द अल्बुकर्क’ ही युद्धनौका निकामी झाली. असा लढाई पाहिलेला माणूस प्रमुख असताना १९६५ चं युद्ध आलं. संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण आणि नौदलप्रमुख सोमण, दोघेही मराठी. पण नौदलाला पोरबंदरच्या अक्षांशाच्या उत्तरेला जायचं नाही, असा संरक्षण मंत्रालयाचा आदेश होता. विमानवाहू नौका ‘विक्रांत’ दुरुस्तीसाठी गोदीत होती. सात सप्टेंबरच्या रात्री पाकिस्तानी जहाजांनी द्वारकेवर तोफा डागल्या, आणि आपल्या ताफ्याला हात बांधून बसावं लागलं. सोमणांना तो आदेश पटलेला नव्हता. शिस्तीचा भाग म्हणून त्यांनी तो पाळला. मला वाटतं, नौदलाला दिल्लीत किती वजन होतं हे त्या एका रात्रीइतकं स्पष्ट कधीच दिसलं नाही.

बदल झाला तो नौदलप्रमुख ए. के. चटर्जींच्या काळात. हवाई दलाच्या अर्जन सिंगांना १९६६ च्या सुरुवातीलाच चौथा तारा मिळाला होता. १ मार्च १९६८ रोजी चटर्जी भारतीय नौदलाचे पहिले पूर्ण अ‍ॅडमिरल झाले. त्याच दिवशी नौदलाची रचनाही बदलली आणि मुंबईला पश्चिम, विशाखापट्टणमला पूर्व असे कमांड उभे राहिले. खांद्यावरच्या चौथ्या ताऱ्याइतकंच हे महत्त्वाचं होतं. दोन्ही किनाऱ्यांना आपापला सेनानी मिळाला आणि दिल्लीतल्या प्रमुखाला सगळ्या युद्धाकडे एका नजरेने पाहता येऊ लागलं.

पावणेचार वर्षांनी, १९७१ च्या युद्धात, या रचनेची कसोटी लागली. प्रमुख होते अ‍ॅडमिरल सरदारीलाल नंदा. त्यांचं बालपण कराचीजवळच्या मनोरा बेटावर गेलेलं, त्यामुळे ते बंदर त्यांना डोळे मिटून दिसत असणार. १९६५ ची गोष्ट पुन्हा घडू नये म्हणून त्यांनी आधीच इंदिरा गांधींना गाठलं आणि थेट विचारलं की, कराचीवर हल्ला करायला राजकीय हरकत आहे का. हरकत नव्हती. मुंबईत व्हाइस अ‍ॅडमिरल कोहली आणि विशाखापट्टणमला व्हाइस अ‍ॅडमिरल कृष्णन. कृष्णननी ‘विक्रांत’ अंदमानात दडवली आणि ‘राजपूत’ या जुन्या विनाशिकेला ‘विक्रांत’ असल्यासारखे संदेश पाठवायला लावले. पाकिस्तानी पाणबुडी ‘गाझी’ विशाखापट्टणमजवळच बुडाली. चार डिसेंबरच्या रात्री ‘निपात’, ‘निर्घात’ आणि ‘वीर’ या क्षेपणास्त्र नौका कराचीवर गेल्या. मुळात किनाऱ्याच्या रक्षणासाठी घेतलेल्या या छोट्या बोटी दुसऱ्या जहाजांनी ओढत नेऊन शत्रूच्या दारात सोडायच्या, ही धाडसी कल्पना होती. त्या रात्रीची आठवण म्हणून चार डिसेंबर हा नौदल दिन झाला. किंमतही मोजावी लागली. नऊ डिसेंबरला ‘खुकरी’ ही युद्धनौका बुडाली, तिच्याबरोबर कॅप्टन मुल्ला आणि पावणेदोनशेहून अधिक नौसैनिक गेले.

पुढच्या प्रमुखांत दोन नावं महाराष्ट्राला जवळची. जयंत नाडकर्णींच्या कारकिर्दीत, १९८८ मध्ये, सोव्हिएत युनियनकडून भाड्याने घेतलेली अणुपाणबुडी ‘चक्र’ आली आणि त्याच वर्षी मालदीवमधला उठाव मोडण्यात नौदलाने आपला वाटा उचलला. माटुंग्यात जन्मलेले लक्ष्मीनारायण रामदास हे कटारींचे जावई. त्यांच्या कारकिर्दीत, १९९२ मध्ये, स्त्रियांना वैद्यकीय विभागाबाहेर अधिकारी म्हणून प्रवेश मिळाला. निवृत्तीनंतर ते अलिबागजवळ, म्हणजे कान्होजी आंग्र्यांच्याच मुलखात, राहिले आणि २००४ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. स्त्रियांपैकी तीन ताऱ्यांपर्यंत प्रथम पोचल्या पुनीता अरोरा. पुण्याच्या सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयाच्या त्या प्रमुख होत्या, तिथून नौदलात सर्जन व्हाइस अ‍ॅडमिरल झाल्या.

या पदाला कटू क्षणही आले. डिसेंबर १९९८ मध्ये विष्णू भागवतांना पदावर असताना बडतर्फ करण्यात आलं. स्वतंत्र भारतात असं कुठल्याही दलाच्या प्रमुखाच्या वाट्याला पूर्वी आलं नव्हतं. पण मला अधिक मोठी वाटते ती फेब्रुवारी २०१४ ची गोष्ट. आदल्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या गोदीत ‘सिंधुरक्षक’ पाणबुडीवर स्फोट होऊन अठरा जण गेले होते. मग मुंबईजवळच्या समुद्रात ‘सिंधुरत्न’ पाणबुडीवर धूर झाला आणि दोन अधिकारी दगावले. अ‍ॅडमिरल देवेंद्रकुमार जोशींनी त्याच दिवशी, २६ फेब्रुवारीला, राजीनामा दिला. जबाबदारी शेवटी कुठे थांबते हे त्यांनी कृतीने सांगितलं. इतर कुठल्या क्षेत्रात हे इतक्या सरळपणे घडतं?

सप्टेंबर २०२२ मध्ये नौदलाच्या ध्वजावरून सेंट जॉर्जचा क्रॉस गेला आणि शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आला. डिसेंबर २०२३ मध्ये सिंधुदुर्गात नौदल दिन झाला आणि त्याच महिन्यात अ‍ॅडमिरलांच्या खांद्यांवरची नवी चिन्हं आली: सोनेरी बटण, अष्टकोन, तलवार आणि दुर्बीण, खाली तारे. मराठी माणसाला याचा अभिमान वाटणं स्वाभाविक आहे, मलाही वाटतो.

पण चारच तारे. पाच ताऱ्यांचा ‘अ‍ॅडमिरल ऑफ द फ्लीट’ हा हुद्दा आजवर एकाही भारतीय नौदल अधिकाऱ्याला मिळालेला नाही. १९७३ च्या जानेवारीत भूदलप्रमुख माणेकशा पाच ताऱ्यांचे फील्ड मार्शल झाले, ते योग्यच झालं. पुढच्याच महिन्यात नंदा चार ताऱ्यांवर निवृत्त झाले. करिअप्पांना हा मान निवृत्तीनंतर कित्येक वर्षांनी, १९८६ मध्ये मिळाला. अर्जन सिंगांना २००२ मध्ये मार्शल ऑफ द एअर फोर्स करण्यात आलं. म्हणजे उशिरा मान देण्याची पद्धत आपल्याकडे होती. २००२ मध्ये नंदा हयात होते. पाचवा तारा त्यांना तेव्हा तरी द्यायला हवा होता. मे २००९ मध्ये त्यांचं निधन झालं.