उतारवयातील स्थूलता आणि आपल्या गृहिणी
धार-देवासच्या पेढ्यांवर तराजूचा काटा आपण डोळ्यांत तेल घालून पाहतो. परंतु घरातील मातेच्या प्रकृतीचा ताळेबंद क्वचितच मांडतो. भारतीय स्त्रीची मासिक पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षी थांबते. इस्ट्रोजेन नावाचा अंतःस्राव घटला की चरबी नितंबांऐवजी पोटाभोवती साचू लागते. वयपरत्वे स्नायूही झिजतात व शरीराचा शक्तिव्यय कमी होतो. त्यामुळे पूर्वीइतकेच जेवूनही वजन वाढते. त्यात आळसाचा दोष नसतो.

अशा वेळी केवळ उपवासांवर भिस्त ठेवू नये. अति लंघनाने चरबीबरोबर स्नायूही जातात आणि पारण्यानंतर वजन पुन्हा चढते. ताटात मूग, चणे, दूध-ताक यांना अधिक स्थान द्यावे. बाफल्यांवरील तूप, शेव व मिठाई आटोक्यात ठेवावी. आठवड्यातून १५० मिनिटे झपझप चालावे व दोन दिवस स्नायूंचा व्यायाम करावा. गुडघे धड असल्यास देवासची चामुंडा टेकडी चढणे उत्तमच. कंबर ८० सेंटिमीटरपेक्षा अधिक भरल्यास रक्तातील साखर व रक्तदाब तपासून घ्यावा.

व्यापारी बंधूंनीही सायंकाळी दुकानातून थोडी सवड काढून सहधर्मचारिणीसमवेत फिरावयास जावे. घराची खरी शिल्लक तीच आहे.