सरकारने यात का पडावे?

गेल्या महिन्यात दांडिया बाजारातले एक गृहस्थ नातीला घेऊन संध्याकाळच्या शिकवणीस आले. बँकेतून निवृत्त झालेले, हिशेबाला चोख. मी तंबोरा लावीत होतो तेवढ्यात त्यांनी विषय काढला. "मास्तर, गाणे ज्याला हवे त्याने पैसे मोजून शिकावे, नको त्याने शिकू नये. त्यात सरकारने खजिना कशाला उघडावा? आज गाण्यात पडले, उद्या कशातही पडेल."

मला चटकन उत्तर सुचले नाही. एक तर जोडीची तार उतरली होती. दुसरे असे की, आमच्या घराने दरबारचा पगार खाल्लेला. अशा घरातल्या माणसाने सरकारी आश्रयाची बाजू मांडणे म्हणजे पुजाऱ्याने नैवेद्याची शिफारस करण्यासारखेच. तरी प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून आधी गाणे बाजूला ठेवून पाण्यापासून सुरुवात केली.

आपल्या जुन्या वाड्यांतून विहिरी होत्या. ज्याची ऐपत होती त्याने आपली विहीर खणली होती. मग श्रीमंत सयाजीराव महाराजांनी शहराबाहेर आजव्याचा एवढा थोरला तलाव बांधून 1892 साली नळाने पाणी आणले ते कशासाठी? कारण विहीर खाजगी असली तरी जमिनीखालचे पाणी खाजगी नसते. एका वाड्याच्या शोषखड्ड्यातली घाण शेजारच्या विहिरीत उतरते, आणि पटकी घर विचारून येत नाही. घाण करणाऱ्याच्या वहीत त्याचा खर्च कोठेच लागत नाही. तो शेजारी भरतो, कधी पैशाने तर कधी जिवाने. बरे, दहा वाड्यांनी मिळून तलाव बांधावा म्हटले, तर प्रत्येक जण म्हणणार, बाकीचे नऊ बांधतीलच की! आणि पाणी आल्यावर पटकी हटली, तर ती वर्गणी न देणाऱ्याच्या घरातूनही हटणार. असा तलाव कोणी सावकार बांधीत नाही. येथे सर्वांकडून सक्तीने थोडे थोडे घेणारा कोणी तरी लागतो, आणि ते काम राज्यालाच करावे लागते. आमच्या गृहस्थांनी हे ताबडतोब मान्य केले. पाणी सर्वांनाच पटते.

शाळेचे प्रकरण अवघड. महाराजांनी 1893 मध्ये अमरेलीकडे सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि 1906 मध्ये ते साऱ्या राज्यात लागू केले. मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकास दंड. हा दंड वाचायला बरा वाटतो, पण ज्याचे पोर गुरे राखून घराला हातभार लावीत होते त्या बापाचा विचार करा. त्याचे मजूर गेले आणि वर दंडही! तो म्हणणार, पोर माझे, सरकार कोण? उत्तर असे की, पोर त्याचे असले तरी पोराचे सारे आयुष्य त्याचे नव्हे, आणि त्या पोराला अजून स्वतःची बाजू मांडता येत नाही. शिवाय ते शिकले तर त्याचा उपयोग त्याच्या घरापुरता राहत नाही. नामदार गोखल्यांनी ब्रिटिश हिंदुस्थानासाठी असेच विधेयक 1911 साली आणले; पुढच्या वर्षी ते फेटाळले गेले. शिक्षणाच्या हक्काचा कायदा देशाला 2009 मध्ये मिळाला. बडोद्याने केलेली जबरदस्ती मला योग्य वाटते. पण ती जबरदस्ती होती, आणि तिचा भार गरिबावर अधिक पडला असणार, हे कबूल करूनच.

आता गाणे. मौलाबक्ष यांच्याविषयी त्यांच्या घराण्यात एक हकीकत सांगत. घसीटखाँ नावाचे उस्ताद कोणाला शिकवीत नसत. तेव्हा मौलाबक्षांनी त्यांच्या दारवानाशी मैत्री केली आणि देवडीवर बसून रात्री त्यांचा रियाज ऐकून ऐकून विद्या उचलली. अशी ही चोरून घ्यावी लागणारी वस्तू! त्याच मौलाबक्षांनी 1886 मध्ये महाराजांच्या आश्रयाने येथे गायनशाळा काढली, स्वरलिपी बसवली, पुस्तके छापली. देवडीवरचा माणूस वर्गात आला. सुरसागरावरची ही शाळा पुढे विद्यापीठात सामील झाली आणि आजही चालू आहे. 1916 ची पहिली अखिल भारतीय संगीत परिषदही पंडित भातखंडे यांनी येथेच भरवली.

ही विद्या बाजाराने का सांभाळली नसती? थोडी सांभाळली असती. पण तोंडी विद्येला एक पिढी खंड पडला की मागाहून कितीही पैसे मोजा, ती विकत मिळत नाही. आणि जे कधी कानावर पडलेच नाही त्याची मागणी कोण करणार? (दरबाराचा आश्रय म्हणजे नुसते सुख होते असेही कोणी समजू नये. येथे कलावंत कारखाना हे खातेच होते. त्याला नियम होते, चुकल्यास दंड होता. गवयाला खातेनिहाय शिस्त लावणे कितपत शोभते, हा निराळा लेखाचा विषय आहे.)

1949 मध्ये संस्थान विलीन झाले आणि दरबार संपला. देशभरच्या अशा गवय्यांना मोठा आसरा दिला तो आकाशवाणीने. 1952 पासून संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम घरोघर पोचला. परंतु त्याच आकाशवाणीने 1940 मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली होती, आणि ती 1971 पर्यंत सैल झाली नाही. 1952 मध्ये केसकर मंत्री झाल्यावर चित्रपटगीतेही रेडिओवरून जवळजवळ हद्दपार झाली. लोकांनी काय केले? त्यांनी रेडिओ सिलोन लावला. अखेर 1957 मध्ये सरकारलाच विविध भारती काढावी लागली.

हार्मोनियमवरचे आक्षेप खोटे नव्हते. तिचे सूर ठरलेले, तिच्यातून मींड निघत नाही. मी स्वतः नवशिक्याला तंबोऱ्यावरच बसवतो. पण माझ्या खोलीत मी पेटी बंद ठेवणे निराळे आणि साऱ्या देशाच्या रेडिओवर बंद ठेवणे निराळे. माझी पद्धत न पटली तर विद्यार्थी दुसऱ्या मास्तरांकडे जाऊ शकतो. त्या काळच्या पेटीवाल्याला दुसरी आकाशवाणी नव्हती. तलाव बांधताना राज्याने लोकांना एकेकट्याने न होणारी गोष्ट करून दिली. पेटी बंद करताना त्याने लोकांचे कान आपल्या ताब्यात घेतले. सरकारने यात पडावे की नाही, यापेक्षा ते काय करायला पडते आहे, हे मी आधी विचारीन.

हे सारे मी त्या गृहस्थांना दोन गुरुवारी मिळून सांगितले. तलाव आणि शाळा त्यांनी मान्य केली. गायनशाळा अजून नाही. "थोडे पटते, पण रक्कम किती, कोण ठरवणार?" म्हणाले. प्रश्न रास्त आहे.

मग त्यांनी खिडकीतून खाली पाहिले. आमच्या भिंतीशी एक मुलगा बहुधा रोज उभा असतो. "हा कोण?" मी म्हटले, "कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याचा. फी देत नाही, पण ऐकून ऐकून भूप बरा म्हणतो."

"मग मास्तर, त्याला वर का बोलवीत नाही?"

मी खोलीकडे पाहिले. सहा जण बसले की दार उघडायला जागा उरत नाही.