जुन्या इंजिनाचा प्लग किती तापावा?

जुन्या बजाज चेतकचं उजव्या बाजूचं पत्र्याचं झाकण काढलं की इंजिनाच्या हेडमध्ये रोवलेला प्लग दिसतो. बोटाएवढी वस्तू. थोडं लोखंड, थोडी पांढरी चिनीमाती आणि टोकाला निकेलच्या मिश्रधातूची बारीक काडी. चेतकचं इंजिन टू-स्ट्रोक, म्हणजे प्रत्येक फेऱ्याला एक ठिणगी. मिनिटाला 3000 फेरे धरले तर सेकंदाला 50 ठिणग्या आणि तासाला 1,80,000. पुण्याहून निघालेली स्कूटर साताऱ्याला पोचेपर्यंत हा आकडा चार लाखांच्या वर गेलेला असतो. ठिणगी पडते त्या क्षणी प्लगच्या टोकाशी दहा हजार व्होल्ट किंवा त्याहून जास्त दाब असतो. पाठोपाठ पेटणाऱ्या वायूचं तापमान 2000 अंश सेल्सियसच्या पुढे जातं आणि लगेच पेट्रोलचं ताजं, थंड मिश्रण त्याच टोकावर येऊन आदळतं.

निकेल 1455 अंशांना वितळतं. मग 2000 अंशांच्या आगीत ही काडी टिकते कशी? एक तर ती आग क्षणभरच असते. दुसरं म्हणजे, टोकाला मिळालेली उष्णता तिथे साचू दिली जात नाही. चिनीमातीतून, लोखंडी अंगातून, आट्यांमधून आणि वॉशरमधून ती हेडमध्ये उतरते आणि तिथून वाऱ्यावर जाते. जुन्या गाडीसाठी प्लग निवडायचा म्हणजे हा उष्णतेचा रस्ता निवडायचा. ठिणगी तर कोणताही धड प्लग देतो.

गंमत अशी, की प्लग थंड राहूनही चालत नाही. टोक साधारण 500 अंशांच्या खाली राहिलं तर त्यावर बसणारी काजळी आणि ऑइलचा थर जळून जात नाही. थर वाढत जातो, विजेला ठिणगीची उडी घेण्यापेक्षा काजळीवरून सरपटत जाणं सोपं पडतं आणि मेकॅनिक म्हणतो, ‘प्लग शॉर्ट झालाय.’ उलट टोक 850 ते 900 अंशांच्या वर गेलं तर ते निखाऱ्यासारखं लाल होतं आणि ठिणगी पडण्याआधीच मिश्रण पेटवतं. पिस्टन अजून वर चढत असतो आणि त्याच्या डोक्यावर स्फोट होतो. हे चालू राहिलं तर ॲल्युमिनियमच्या पिस्टनला भोक पडतं. प्लगला जगायला मिळालेला पट्टा एवढाच, साडेतीनशे-चारशे अंशांचा. लक्ष्मी रोडच्या गर्दीत फटफटत उभी असलेली स्कूटर आणि दोन माणसं व सामान घेऊन खंबाटकी घाट चढणारी तीच स्कूटर, दोन्ही वेळा तोच प्लग याच पट्ट्यात राहिला पाहिजे. आणि त्यात एकही हलणारा भाग नाही! सगळी करामत चिनीमातीच्या नाकाच्या लांबीत आहे.

प्लग उलटा धरून आत पाहा. मधल्या काडीभोवती चिनीमातीचं निमुळतं नाक दिसेल. ते लांब असेल तर टोकाची उष्णता लोखंडापर्यंत पोचायला लांबचा प्रवास करते. टोक तापलेलं राहतं. हा ‘हॉट’ प्लग. नाक आखूड असेल तर उष्णता चटकन निघून जाते, तो ‘कोल्ड’. शेतातलं पाणी जवळच्या चरातून लगेच वाहून जातं आणि लांबच्या चरात रेंगाळतं, तसंच हे. हॉट प्लग जास्त जोरदार ठिणगी देतो असं अनेकांना वाटतं, पण ठिणगीशी याचा काही संबंध नाही. ही पांढरी चिनीमातीही साधी नव्हे. ती ॲल्युमिना आहे, माणिक आणि नीलम ज्या पदार्थाचे बनतात तोच. हजारो व्होल्टची वीज ती अडवते आणि उष्णतेला मात्र बऱ्यापैकी वाट देते. असे पदार्थ फार थोडे.

हॉट की कोल्ड हे प्लगवरच्या एका आकड्यात लिहिलेलं असतं आणि जुन्या गाड्यांचे मालक नेमके इथेच फसतात. एनजीके कंपनीचा B7HS घ्या. B म्हणजे 14 मिलिमीटर व्यासाचे आटे, H म्हणजे आट्यांची लांबी 12.7 मिलिमीटर आणि मधला 7 हा उष्णतेचा आकडा. एनजीकेमध्ये आकडा वाढला की प्लग कोल्ड होतो. बॉश कंपनीचा W7AC घेतला तर तिथेही 14 मिलिमीटर, 12.7 मिलिमीटर आणि 7. पण बॉशमध्ये आकडा वाढला की प्लग हॉट होतो! एनजीकेच्या 8 ला बॉशचा साधारण 4 जुळतो. बॉशचा 8 जवळजवळ एनजीकेच्या 5 एवढा हॉट असतो. एनजीकेच्या आकड्याच्या एका पायरीने टोकाच्या तापमानात साधारण 70 ते 100 अंशांचा फरक पडतो. म्हणजे एनजीकेचा 8 मागणाऱ्या इंजिनात ‘आठ नंबरच आहे’ म्हणून बॉशचा 8 बसवला, तर टोक दोन-तीनशे अंशांनी जास्त तापू शकतं. आटे बरोबर बसतात, गाडी पहिल्या किकला सुरू होते आणि घाटात पिस्टन जातो.

यात आणखी एक जुना पेच आहे. बॉशचे प्लग भारतात बंगळूरच्या मायको कंपनीच्या नावाने घरोघरी पोचले. त्या काळच्या पुस्तिकांमध्ये W175 किंवा W225 असे तीन आकडी नंबर सापडतात. ती बॉशचीच जुनी मोजपट्टी, पण चालते उलट दिशेने. तिथे मोठा आकडा म्हणजे कोल्ड प्लग. जुना 175 आजच्या 7 च्या जागी येतो, 225 आजच्या 5 च्या. जुनी पुस्तिका उघडून नवा प्लग मागताना आधी हे रूपांतर करावंच लागतं.

आट्यांची लांबी हा दुसरा मुद्दा, आणि तिथे तडजोड मुळीच नको. 12.7 च्या हेडमध्ये 19 मिलिमीटरचा प्लग बसवला तर आटे आत उघडे पडतात, लाल होतात आणि पिस्टनची धडकही बसू शकते. उलट केलं तर ठिणगी भोकाच्या तोंडाशी दडून पडते आणि रिकाम्या आट्यांमध्ये कार्बन भरतो. मग कधी योग्य प्लग घालायला जाल तेव्हा तो त्या कार्बनमध्ये अडकून हेडचे आटेच खराब करेल.

गॅपविषयी, म्हणजे ठिणगी जी फट ओलांडते तिच्याविषयी, मात्र मला सगळ्यात जास्त नवल वाटतं. प्लग काढून हेडला टेकवायचा, किक मारायची आणि निळी ठिणगी पाहून ‘करंट येतोय’ म्हणायचं, ही परीक्षा आपल्या सगळ्यांच्या ओळखीची. पण 1889 मध्ये फ्रीडरिश पाशेन या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने दाखवून दिलं, की ठिणगीला लागणारे व्होल्ट वायूचा दाब आणि फटीचं अंतर यांच्या गुणाकारावर ठरतात. सिलिंडरमध्ये दाबलेल्या मिश्रणातून उडी मारायला मोकळ्या हवेपेक्षा कितीतरी जास्त व्होल्ट लागतात. म्हणून बाहेर झकास ठिणगी देणारा प्लग आत जाऊन गप्प बसू शकतो. पॉइंट आणि कंडेन्सरवर चालणाऱ्या जुन्या इग्निशनची ताकद बेताची. तिला 0.6 ते 0.7 मिलिमीटरच्या आसपासची गॅप मानवते. आजच्या इलेक्ट्रॉनिक इग्निशनला 0.8 ते 1.1 सहज झेपते. नवा प्लग खोक्यातून काढला की फीलर गेज घालून पुस्तिकेतल्या आकड्याशी ताडून पाहा, मगच बसवा.

इरिडियमचे प्लग महाग असतात म्हणून ते जुन्या गाडीलाही जास्त चांगले, असं समजू नये. इरिडियम 2446 अंशांना वितळतं, त्यामुळे त्याचं टोक अर्ध्या मिलिमीटरइतकं बारीक करता येतं आणि अशा टोकावर कमी व्होल्टमध्ये ठिणगी पडते. हा फायदा खरा आहे. पण उष्णतेचा आकडा चुकलेला इरिडियम प्लग पिस्टनचं साध्या प्लगइतकंच नुकसान करतो. टू-स्ट्रोकमध्ये तर ऑइल जळत असतं आणि कधी कार्बनचा एखादा कण फटीत अडकून गाडी भर रस्त्यात बंद पडते. डिकीत जादा प्लग आणि पाना ठेवण्याची स्कूटरवाल्यांची पद्धत त्यातूनच आली. अशा इंजिनाला योग्य आकड्याचा साधा प्लग वेळेवर बदलणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

प्लग बरोबर आहे की नाही हे तो स्वतःच सांगतो. गाडी चांगली तापवून, जोरात चालवून, ताबडतोब बंद करा आणि थंड झाल्यावर प्लग काढा. नाक फिकट तपकिरी असेल तर सगळं ठीक. कोरडी काळी काजळी दिसली तर मिश्रणात पेट्रोल जास्त आहे किंवा प्लग फार कोल्ड आहे. नाक पांढरंफेक, फोड आल्यासारखं असेल तर ताबडतोब थांबा. काळा प्लग दिसला की लगेच हॉट प्लग घालण्याची घाई करू नका. आधी एअर फिल्टर, चोक आणि कार्बोरेटर तपासा, कारण दोष बहुधा तिथे असतो आणि हॉट प्लग तो फक्त झाकून ठेवतो. इंजिन झिजून ऑइल खात असेल, दुरुस्ती लांबली असेल आणि गाडी गावातल्या गावात हळू चालत असेल, तर एकच पायरी हॉट जाणं समजू शकतं. घाटात नेण्याआधी मात्र मूळ नंबर परत घाला.

आता पेट्रोलही बदललंय. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असतो, त्यामुळे ते जाळायला हवा कमी लागते. पेट्रोलला वजनाने 14.7 पट हवा लागते, इथेनॉलला सुमारे 9 पट. नव्या गाडीतला संगणक हे ओळखून इंधन वाढवतो. चेतकच्या कार्बोरेटरचा जेट तेवढाच राहतो, म्हणजे 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर मिश्रण पातळ होतं आणि पातळ मिश्रणावर इंजिन जास्त तापतं. म्हणून जुन्या गाडीच्या प्लगचा रंग पूर्वीपेक्षा जास्त वेळा पाहायला हवा.

प्लग बसवताना इंजिन थंड असू द्या. पहिले आटे पाना न लावता हातानेच फिरवा. नवा प्लग टेकला की पान्याने अर्धा फेरा किंवा थोडा जास्त, बस्स. फार आवळला तर ॲल्युमिनियमचे आटे जातात. सैल ठेवला तर वॉशरमधून उष्णता उतरत नाही आणि योग्य आकड्याचा प्लगही लाल होतो. दुकानात जाताना जुना प्लग आणि गाडीची पुस्तिका सोबत न्या. दोन्ही प्लग शेजारी धरून आट्यांची लांबी जुळवा. जुना प्लग कोणी चुकीचा बसवलेला असू शकतो, म्हणून उष्णतेचा आकडा पुस्तिकेतूनच घ्या आणि तो कोणत्या कंपनीच्या मोजपट्टीचा आहे हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.