देयधर्म आणि माणुसकी

भाद्रपदात लेण्याद्रीच्या पायऱ्या चढून भाविक ज्या ठिकाणी गिरिजात्मजापुढे हात जोडतो, तो मुळात बौद्ध भिक्षूंचा विहार होय. कोणा प्राचीन दात्यांच्या द्रव्याने कोरलेल्या पाषाणगृहात आज आपले दैवत नांदत आहे. दान एकदा हातून सुटले की त्याचा लाभ कोणास होईल, हे दात्याच्या स्वाधीन राहत नाही, हेच यातून दिसते.

जुन्नरच्या परिसरातील लेण्यांत असे अनेक दाते शिलालेखरूपाने भेटतात. शेजारच्याच चैत्यगृहावर कल्याणच्या सुलसदत्ताचे नाव आहे. मानमोडीच्या डोंगरात महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याने ४६ व्या वर्षी मंडप व पाण्याची पोढी, म्हणजे टाके, दिल्याची नोंद आहे. इरिल नावाच्या यवनाने तर दोन पोढ्या दिल्या. परदेशी रक्ताच्या माणसाने खोदविलेले पाणी पिताना तहानलेल्याने त्याचे कुळ विचारले नसेल!

या लेखांतून वारंवार येणारा प्राकृत शब्द 'देयधम', म्हणजेच देयधर्म. 'देय' म्हणजे जे द्यावयासच हवे ते. देणारा येथे मेहेरबानी करीत नाही. तो आपले देणे फेडतो. घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये, ही दक्षता त्या एका शब्दात आहे.

आता 'दया' पाहू. केवळ मन द्रवणे म्हणजे दया, असे आपण समजतो. परंतु पाणिनीय धातुपाठात 'दय्' धातूचे जे अर्थ सांगितले आहेत, त्यांत दान, गती आणि रक्षण हे तिन्ही येतात. देणे, जाणे, राखणे! जो जागचा हलत नाही त्याची दया अपुरीच. 'उपकार' शब्दातील 'उप'देखील जवळपणा दाखवितो. दुसऱ्याच्या जवळ जाऊन जे करावयाचे तो परोपकार.

या शब्दांची कसोटी आंबेगाव तालुक्याने पाहिली. ३० जुलै २०१४ रोजी, ऐन श्रावणात, नागपंचमी दोन दिवसांवर आली असता, माळीण गावावर डोंगर कोसळला. दीडशेहून अधिक जीव गेले. रोजच्या वाटेवरील एस. टी.च्या चालकास गाव जागेवर दिसेना. त्याने खबर दिली. मग भर पावसात, चिखलात, आपत्ती निवारण दलाचे जवान व इतर अनेक हात कित्येक दिवस राबले. पुढे आमडे येथे नवे माळीण वसले आणि २०१७ मध्ये घरे लोकांच्या स्वाधीन झाली. गेलेली माणसे मात्र कोणत्याही दानाने परत येत नाहीत. म्हणूनच अशा ठायी वस्तूंइतकीच सोबतीची गरज असते.

त्या चिखलात राबलेल्यांची नावे कोणत्याही कातळावर कोरलेली नाहीत. आपल्या मराठीने अशा कृतीस साधा, घरगुती शब्द दिला : माणुसकी. संस्कृतातील औदार्य, करुणा, भूतदया ही सारी रत्ने थोर खरीच. परंतु माणुसकी हा गुण अंगी असणे भूषण नव्हे, तो नसणे हेच लांच्छन, असे हा शब्द बजावतो. देयधर्माचा तोच आशय नव्हे काय?

वाचकहो, उत्सवाची वर्गणी अवश्य द्यावी, मोदकांचा नैवेद्यही दाखवावा. परंतु आपल्या आळीत ज्या घरी यंदा गणपती बसला नाही, आजारपण वा दुःख आहे, त्या दारी एकदा पायांनी जाऊन यावे. गिरिजात्मज ती पूजा आपलीच मानील, असा आमचा विश्वास आहे.