विलीनीकरणाची कसोटी : काशीदच्या एका ओळीवरून

अलिबागहून मुरूडकडे किनाऱ्याने जाऊ लागले म्हणजे रेवदंडा, कोर्लई, बोर्ली, काशीद, नांदगाव आणि मुरूड ही गावे ह्या क्रमाने लागतात. ही सहा नावे एका फाईलमध्ये सहा ओळींत लिहिली आणि प्रत्येक नावापुढे तालुका व जिल्हा नोंदवला, तर आवृत्ती-नियंत्रणाच्या प्रणालीची परीक्षा घेण्यास तेवढी सामग्री पुरते. प्रस्तुत टिपणात हीच यादी हाताशी धरून, दोन अभ्यासकांनी एकाच प्रतीत वेगवेगळे बदल केले असता प्रणाली त्यांचे विलीनीकरण कसे करते आणि त्याची कसोटी कशी घ्यावी, ह्याचा विचार करावयाचा आहे. यादी १९८१ पूर्वीची आहे असे समजावे. म्हणजे जिल्ह्याच्या जागी सर्वत्र 'कुलाबा' आहे. काशीदचे नाव तीत 'काशिद' असे ऱ्हस्व लिहिलेले आहे. (विलीनीकरण हा शब्द ह्या किनाऱ्यास नवा नाही. जंजिरा संस्थान १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन झाले, तेव्हापासून तो येथे रुळलेला आहे.)

प्रारंभीच्या प्रणालींनी हा प्रश्न उद्भवूच दिला नाही. बेल प्रयोगशाळेत मार्क रॉचकाइंड ह्यांनी १९७२ साली रचलेली एससीसीएस आणि वॉल्टर टिची ह्यांची १९८० नंतरची आरसीएस ह्या दोहोंत फाईलला कुलूप घालण्याची पद्धत होती. एकजण लिहीत असता दुसऱ्याने थांबावे. पुढे सीव्हीएसने कुलूप काढले आणि २००५ साली लायनस टॉरवाल्ड्स ह्यांनी गिट सुरू केल्यावर तर प्रत्येकाजवळ संपूर्ण इतिहासाची स्वतंत्र प्रत आली. आता भेद होणारच, असे गृहीत धरून चालावे लागते.

विलीनीकरणाचे मूळ तत्त्व सोपे आहे. केवळ दोन प्रती समोर ठेवल्या तर त्या कोठे भिन्न आहेत एवढेच कळते. बदल कोणी केला हे कळत नाही. म्हणून ज्या प्रतीपासून दोन्ही शाखा फुटल्या ती मूलप्रत तिसरी साक्षीदार म्हणून घेतात. मूलप्रतीच्या तुलनेने एकाच शाखेने ओळ बदलली असेल तर तो बदल ग्राह्य. दोघांनी तंतोतंत सारखाच बदल केला असेल तरीही ग्राह्य. दोघांनी भिन्न बदल केले असतील तर मात्र प्रणाली निर्णय देत नाही. सात डाव्या कोनांची खूण, सात बरोबरीची चिन्हे आणि सात उजवे कोन ह्यांच्या चौकटीत दोन्ही पाठ ठेवून ती माणसाची वाट पाहते. ह्यालाच व्यवहारात मर्ज कॉन्फ्लिक्ट म्हणतात.

आता आपली यादी घेऊ. एका विद्यार्थ्याने रेवदंड्याची ओळ दुरुस्त केली, दुसऱ्याने काशीदची; गिट दोन्ही बदल निमूटपणे स्वीकारते आणि ते योग्यच आहे. दुसऱ्या प्रयोगात पहिल्याने 'काशिद' चे 'काशीद' केले आणि दुसऱ्याने त्याच ओळीत 'कुलाबा' च्या जागी 'रायगड' लिहिले. माणसाच्या दृष्टीने येथे कसलाही विरोध नाही. तरीही गिट थांबते, कारण तिचे एकक ओळ हे आहे, शब्द नव्हे. इतकेच नव्हे, तर एकाने काशीदची आणि दुसऱ्याने लगतच्या नांदगावची ओळ बदलली तरीही गिट कॉन्फ्लिक्ट दाखवते. दोन बदलांच्या मधे निदान एक न बदललेली ओळ तिला हवी असते. हा खोटा गजर खरा. परंतु त्यात हानी अर्ध्या मिनिटाची.

हानी कोठे होते ते तिसऱ्या प्रयोगात दिसते. १९८१ साली कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले, म्हणून पहिल्या विद्यार्थ्याने सहाही ओळींत 'रायगड' केले. दुसऱ्याने यादीस हातही लावला नाही. त्याने वेगळ्या फाईलमध्ये 'कुलाबा' जिल्ह्यातील गावे मोजणारा एक छोटा प्रोग्राम लिहिला. त्याच्या शाखेत उत्तर सहा येते. पहिल्याच्या शाखेत यादी निर्दोष आहे. दोन्ही शाखांचे विलीनीकरण केले असता गिट कोणताही आक्षेप घेत नाही, कारण एकाही ओळीवर दोघांचे हात पडलेले नाहीत. विलीन झालेल्या प्रतीत मात्र उत्तर शून्य येते.

चौथा प्रयोग ह्याच जातीचा. बोर्ली आणि काशीद ह्यांच्या दरम्यान बारशिव राहून गेले आहे, हे दोघांच्याही ध्यानात आले. एकाने ते योग्य जागी घातले, दुसऱ्याने घाईने यादीच्या शेवटी, मुरूडच्या खाली. विलीनीकरण सुरळीत पार पडते आणि बारशिव दोनदा येते. सात गावांच्या यादीत आठ ओळी झाल्या, आणि प्रणालीच्या मते सारे ठीक आहे.

म्हणून अशा प्रणालीची परीक्षा घेताना तिने किती कॉन्फ्लिक्ट दाखवले हे मोजून भागत नाही. ती संख्या कमी करणे सोपे आहे. अधिक धाडसाने, अधिक वेळा गप्प राहून मिसळत जावे म्हणजे झाले. मोजावयाचे ते हे की, जेथे ती बोलली तेथे बोलण्याचे कारण होते काय आणि जेथे गप्प राहिली तेथे गप्प राहण्याचा तिला अधिकार होता काय. दुसरी मोजणी कष्टाची आहे, कारण तिला योग्य उत्तर आधी हाताने तयार करून ठेवावे लागते. जुन्या प्रकल्पांच्या इतिहासातील विलीनीकरणे पुन्हा घडवून आणून, यंत्राचे उत्तर त्या वेळी माणसाने केलेल्या निर्णयाशी ताडून पाहण्याची पद्धत संशोधनात प्रचलित आहे. ती उपयुक्त आहे. पण संध्याकाळी घाईने निर्णय देणारा माणूसही बारशिव दोनदा ठेवू शकतो, हे तिच्या वापरकर्त्याने विसरू नये.

महाराष्ट्रात पाठचिकित्सेची जी परंपरा आहे तिच्या अभ्यासकास हे सर्व परिचित वाटेल. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ साली सुरू झाले आणि १९६६ साली पूर्ण झाले. त्यासाठी १,२५९ हस्तलिखितांचा विचार करण्यात आला. १९२५ पासून ह्या कार्याची धुरा वाहणारे विष्णु सीताराम सुखटणकर ह्यांनी १९३३ च्या आदिपर्वाच्या उपोद्घातात आपली पद्धती मांडली. त्यांच्यापुढील अडचण आपल्या नेमकी उलट होती. आपल्याजवळ मूलप्रत जपलेली असते. त्यांना ती शाखांवरून अनुमानाने गाठावयाची होती. ते अनुमान अवघड होण्याचे एक मोठे कारण म्हणजे लेखकांनी निमूटपणे केलेली विलीनीकरणे. एक पोथी उतरवताना दुसरी शेजारी ठेवावी आणि बरा वाटेल तो पाठ घ्यावा, ह्या रीतीने प्रतींचा संकर होतो आणि वंशवृक्ष पुसट होतो. गिट निदान विलीनीकरणाच्या नोंदीत दोन्ही पूर्वजांची नावे लिहून ठेवते. पण एका बाबतीत चिकित्सक आवृत्ती पुढे आहे. तीत जो पाठ स्वीकारला, पण ज्याविषयी संपादकांची पूर्ण खात्री नाही, त्याखाली नागमोडी रेघ असते. गिटपाशी अशी रेघ नाही. तिच्यापाशी निश्चय आहे किंवा कॉन्फ्लिक्ट आहे. 'मिसळले खरे, पण पुन्हा पाहा' असे म्हणण्याची सोय नाही.

मराठी मजकुरापुरता एक प्रयोग स्वतंत्रपणे सांगितला पाहिजे, कारण इंग्रजी सामग्रीवर घेतलेल्या परीक्षांत तो येणार नाही. दोन विद्यार्थ्यांनी एकाच जागी 'काशीदच्या किनाऱ्याजवळ फणसाड अभयारण्य आहे' अशी ओळ घातली. बदल सारखाच, म्हणून विलीनीकरण बिनबोभाट व्हावयास हवे. प्रत्यक्षात कॉन्फ्लिक्ट आला आणि चौकटीत वर व खाली अक्षरशः एकच ओळ दिसू लागली. कारण 'ऱ्या' मधील अर्धा ऱ संगणकात तीन प्रकारे साठवता येतो. स्वतंत्र ऱ आणि हलन्त हा पहिला. र, नुक्ता आणि हलन्त हा दुसरा. र, हलन्त आणि न दिसणारा जोडक हा तिसरा. डोळ्यांस तिन्ही सारखे दिसतात, प्रणालीस ते तीन भिन्न पाठ वाटतात. पहिले दोन युनिकोडच्या नियमाप्रमाणे समतुल्य आहेत, तिसरा नाही. म्हणून केवळ युनिकोडचे प्रमाणीकरण करून हा प्रश्न पुरता सुटत नाही. मराठी सामग्रीवर काम करणाऱ्यांनी लेखनाचे एक रूप ठरवून विलीनीकरणापूर्वीच सर्व प्रती त्यात आणाव्यात, असे आमचे मत आहे.

कसोटीच्या रचनेविषयी थोडे. प्रत्येक प्रयोग दोन्ही बाजूंनी करावा. पहिली शाखा दुसरीत मिसळा किंवा दुसरी पहिलीत, अंतिम मजकूर एकच आला पाहिजे. कॉन्फ्लिक्ट दाखवताना मूलप्रतीचा पाठही दाखवण्याची डिफ३ नावाची पद्धत गिटमध्ये आहे. ती आपोआप चालू नसते, ती चालू करून घ्यावी. मूळ ओळ दिसली म्हणजे काशीदचे ऱ्हस्व-दीर्घ कोणी बदलले हे क्षणात कळते. गिटच्या स्वतःच्या चाचणी-संग्रहातून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. जो दोष माहीत आहे पण अद्याप सुटलेला नाही, त्याची चाचणी काढून न टाकता 'ही अयशस्वी होणे अपेक्षित आहे' अशा शेऱ्यासह ती तेथेच ठेवतात. २०२१ साली गिटने विलीनीकरणाची ऑर्ट ही नवी पद्धत मुख्य म्हणून स्वीकारली, तेव्हा जुनीची उणीव कोठे होती हे अशा शेऱ्यांवरून दाखवता आले.

आमच्या यादीपुरती, तिसऱ्या प्रयोगातील चूक पकडणारी चाचणी एकाच ओळीची होती : मोजणीचे उत्तर यादीतील ओळींइतके असावे. दुसऱ्या विद्यार्थ्याने ती आपल्या शाखेत लिहिली होती आणि तेथे ती उत्तीर्णही झाली होती. विलीनीकरणानंतर ती पुन्हा चालवली, तेव्हाच सहा आणि शून्य ह्यांची गाठ पडली.