घरी जुळवलेला संगणक सुरूच होत नाही, तेव्हा...

सुटे भाग आणून घरीच जुळवलेला संगणक बटण दाबूनही जागचा हलत नाही, तेव्हा पहिला प्रश्न पडतो तो तक्रार करायची कोणाकडे हा. कंपनीचा तयार संगणक असेल तर एक दूरध्वनी पुरतो. असेम्बल्ड यंत्रात मदरबोर्ड एका कंपनीचा, रॅम दुसरीची, एसएमपीएस तिसरीचा. प्रत्येकाची हमी निराळी, आणि दोष नेमका कशात आहे हे शोधण्याची जबाबदारी मालकाची. आष्टी तालुक्यातील कडा येथे ही अडचण अधिक जाणवते. सप्टेंबर २०२२ मध्ये नगर-आष्टी हा ६६ किलोमीटरचा रेल्वेमार्ग सुरू झाला, कड्याला स्थानकही मिळाले. तरी कॅबिनेट घेऊन नगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, गाठायचे तर दिवस मोडतोच. त्यामुळे निघण्यापूर्वी यंत्र कोणत्या टप्प्यावर अडते, एवढे तरी घरी पाहून घ्यावे.

लक्षणे ढोबळमानाने दोन. एक, बटण दाबल्यावर काहीच घडत नाही. ना पंखा फिरतो, ना दिवा लागतो. दुसरे, पंखे फिरतात, पण पडदा काळाच राहतो. दुरुस्ती करणारे त्याला ‘डिस्प्ले येत नाही’ म्हणतात. दोन्हींची कारणे वेगळी असल्याने सगळे भाग एकदम उचकटून बसणे हा सर्वांत वाईट उपाय.

काहीच हालचाल नसेल तर भिंतीवरील सॉकेटपासून आरंभ करावा. तेथे दुसरे उपकरण लावून पाहावे, एसएमपीएसच्या मागचे छोटे बटण चालू आहे का तेही पाहावे. मग मदरबोर्डला येणारी २४ पिनांची रुंद जोडणी आणि प्रोसेसरजवळची ४ किंवा ८ पिनांची जोडणी तपासावी. नव्याने जुळवलेल्या यंत्रात ही दुसरी जोडणी विसरण्याचे प्रकार सर्रास घडतात. त्या स्थितीत पंखे फिरतात, मात्र पुढे काही होत नाही. कॅबिनेटचे बटणच खराब असल्याची शंका आल्यास त्याची वायर मदरबोर्डवरून काढून त्या दोन पिना स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर जोडाव्यात. यंत्र सुरू झाले, तर दोष काही रुपयांच्या बटणात होता. एसएमपीएस मात्र कोणत्याही परिस्थितीत उघडू नये. वीज तोडल्यानंतरही त्यातील कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टपेक्षा अधिक दाब काही काळ राहू शकतो.

पंखे फिरूनही चित्र नसेल तर प्रथम मॉनिटरची केबल पाहावी. ग्राफिक्स कार्ड असताना ती मदरबोर्डच्या खोबणीत लावली जाते, आणि ‘एफ’ अक्षराने संपणाऱ्या इंटेल प्रोसेसरमध्ये चित्र देण्याची अंगभूत सोय नसते. त्यानंतर रॅम. वीज तोडून, कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून अंगावरची स्थितिक वीज घालवावी. पट्टी काढून सोनेरी कडा खोडरबराने हलक्या हाताने पुसाव्यात आणि दोन्ही बाजूंना ‘टक्’ असा आवाज होईपर्यंत बसवावी. एका वेळी एकच पट्टी लावून पाहिल्यास दोषी पट्टी किंवा खोबण आपोआप उघडी पडते. डीडीआर-५ रॅम असलेले यंत्र पहिल्यांदा सुरू होताना स्मृती जुळवून घेण्यात काही मिनिटे घालवते. तेवढा वेळ न थांबता वीज बंद करणारे उतावीळही कमी नाहीत!

एवढ्यानेही काम झाले नाही तर यंत्र किमान भागांवर आणावे: मदरबोर्ड, प्रोसेसर व त्याचा पंखा, एक रॅम. मदरबोर्ड कॅबिनेटबाहेर काढून पुठ्ठ्यावर ठेवल्यावर तो चालू झाला, तर खालचा एखादा पितळी खुंट चुकीच्या जागी लागून शॉर्ट होत होता असे समजावे. अनेक मदरबोर्डांवर प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स व डिस्क यांचे ४ बारीक दिवे असतात. जो दिवा पेटून राहतो, तपास तेथे थांबलेला असतो. जुन्या बोर्डांवर हेच काम स्पीकरच्या ‘बीप’ने होते.

या भागात आणखी एक गोष्ट पाहण्याजोगी आहे, ती अर्थिंग. आष्टी तालुका अवर्षणप्रवण. उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की अर्थिंगचा खड्डाही कोरडा पडतो. कॅबिनेटला हात लावताच झिणझिण्या येत असतील, तर अर्थिंग तुटल्याची शंका घ्यावी. एसएमपीएसमधील गाळणीतून पुरवठ्याच्या सुमारे निम्मा दाब धातूच्या डब्यावर येतो आणि त्याला जमिनीत जाण्यास वाट उरत नाही. खड्ड्यात पाणी घालणे व वायरमनकडून जोडणी तपासून घेणे, हे नवा एसएमपीएस घेण्याआधीचे काम. तिसरी जाड पिन तोडून प्लग बसवणे तर निव्वळ धोक्याचे. घरगुती इन्व्हर्टरवर यंत्र बंद पडत असेल आणि थेट विजेवर चालत असेल, तर इन्व्हर्टर चौरस लहरींचा आहे का ते विचारावे. काही आधुनिक एसएमपीएस अशा विजेवर नीट चालत नाहीत.

दुरुस्तीला न्यावेच लागले, तर हार्ड डिस्क काढून घरी ठेवावी. यंत्र सुरू न होण्याचा अर्थ त्यातील छायाचित्रे वा हिशेब गेले असा बहुधा नसतो; ती डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून वाचता येते. सोबत न्यायची ती प्रत्येक भागाची पावती आणि त्यावरील अनुक्रमांक. खोक्यातून आलेल्या प्रोसेसरची हमी साधारणपणे ३ वर्षांची असते, आणि पावती नसल्यास ती मिळवताना दुकानदाराशी हुज्जत घालावी लागते.